मनाची इशारा पातळी: स्वतःला कसे सांभाळावे आणि मदत कशी मागावी

जुलैत संततधार लागली की कोल्हापुरात दोन ओळखीची माणसे भेटल्यावर पहिला प्रश्न पंचगंगेचा असतो: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आले? ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ चे महापूर अंगावर घेतलेली प्रयाग चिखली आणि आंबेवाडीची माणसे ४३ फुटांची वाट पाहत बसत नाहीत. पाणी ३९ कडे सरकू लागले की जनावरे सोडतात आणि धान्य माळ्यावर चढवतात. मनाच्या बाबतीत मात्र हीच शहाणी माणसे धोका पातळी ओलांडून जाईपर्यंत 'काही नाही, जरा टेन्शन आहे' असे म्हणत राहतात. मीही त्यांतलाच. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत हिशेबनीस असताना सात-आठ महिने मी पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या, आणि दुखणे पोटाचे नव्हतेच. त्यामुळे या लेखात मी दोनच गोष्टींवर भर देणार आहे: स्वतःची इशारा पातळी कशी ओळखावी, आणि त्या पातळीवरच मदतीला कसे जावे.

पातळी ओळखण्यासाठी

मनाचे दुखणे आपल्याकडे क्वचितच मनाचे म्हणून येते. डोके जड होते, छातीत धडधडते, अंगात कणकण वाटते, जेवणावरची वासना उडते, पहाटे तीनला डोळा उघडतो तो पुन्हा लागत नाही. 'झोप लागंना', 'कशात मन लागंना' ही आपल्या बोलीतली दोन वाक्ये डॉक्टरांच्या प्रश्नावलीतल्या दोन महत्त्वाच्या प्रश्नांची उत्तरेच आहेत, फक्त ती आपण डॉक्टरांना न सांगता पानपट्टीवर सांगतो. उदासपणा किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी एक लक्षण दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे टिकले आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता यांत बिघाड किंवा स्वतःला सतत दोष देणे दिसू लागले, तर त्याला नैराश्याचा आजार समजून तपासून घ्यावे. दोन आठवड्यांची ही मर्यादा लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण वाईट दिवस सगळ्यांनाच येतात आणि प्रत्येक वाईट दिवस हा आजार नसतो.

लक्षणांच्या यादीपेक्षाही महत्त्वाचा आहे तो स्वतःच्या नेहमीच्या वागण्यातला बदल. एखादा माणूस मुळातच अबोल असेल, तर त्याच्या अबोलपणाची काळजी करण्याचे कारण नाही. पण वर्षानुवर्षे पहाटे गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन, चार जणांशी थट्टा करून मगच कामाला जाणारा माणूस महिनाभर तिकडे फिरकला नाही, कधी जेवण न चुकवणारी वहिनी 'भूक नाही' म्हणू लागली, किंवा भरतीच्या तयारीसाठी रोज मैदानावर धावणारे पोर दुपारपर्यंत अंथरुणातच पडून राहू लागले, तर तो बदल हाच इशारा असतो. तालमीत गुडघ्याची कळ लपवून लढत धरणाऱ्या पैलवानाला वस्ताद शाबासकी देत नाहीत, झापतात, कारण लपवलेल्या कळीची पुढे काय किंमत मोजावी लागते ते त्यांना ठाऊक असते. मनाची कळ लपवणाऱ्याला मात्र आपण 'गडी घट्ट आहे' म्हणून डोक्यावर घेतो, आणि मला वाटते पुरुषांना उपचारापर्यंत पोहोचायला उशीर होण्याचे हे एक मोठे कारण आहे.

बदल नेमका किती आहे हे आठवणीवर सोडू नये. एक साधी वही घ्यावी आणि रोज रात्री तीनच नोंदी कराव्यात: किती तास झोप झाली, जेवण नेहमीसारखे झाले की नाही, आणि आज मनापासून केलेली एक तरी गोष्ट कोणती. चौदा दिवसांनी पाने चाळावीत. माझ्या वहीत चौदांपैकी अकरा रात्री 'तीनला जाग' असे लिहिलेले होते, आणि तिसऱ्या नोंदीची जागा बहुतेक दिवस कोरी होती. तोपर्यंत मी स्वतःला 'अधूनमधून झोप मोडते' असेच सांगत होतो. हीच वही पुढे डॉक्टरांपुढे ठेवता येते, हा वेगळा फायदा.

काही लक्षणांसाठी दोन आठवडे थांबायचे नसते. कानात आवाज ऐकू येणे, घरच्यांवर किंवा शेजाऱ्यांवर विनाकारण संशय बळावणे, कित्येक रात्री न झोपताही अफाट उत्साह वाटणे आणि त्या भरात पैसे उधळणे, बाळंतपणानंतर आईला बाळाविषयी भलतेसलते विचार येणे, आणि जगण्यात अर्थ नाही असे वाटणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

रोजची डागडुजी

झोपेपासून सुरुवात करावी, कारण बाकीचे बरेच काही तिच्यावर उभे असते. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, पण उठायची वेळ असते. म्हणून रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठावे आणि उठल्यावर थोडा वेळ उन्हात जावे. साधारण वीस मिनिटे झोप आली नाही तर अंथरुणात कुस न बदलता उठून दुसऱ्या खोलीत बसावे आणि डोळे जड झाल्यावरच परत यावे. दुपारी चारनंतरचा चहा सोडून पाहावा, हे चहाबाज कोल्हापूरकरांना जड जाईल, तरीही. कारखान्यातल्या तिसऱ्या पाळीवर असणाऱ्यांनी घरी आल्यावर खोली पूर्ण अंधारी करून झोपावे आणि घरच्यांनी त्या झोपेला रात्रीच्या झोपेइतकाच मान द्यावा; दुपारी बँकेच्या कामासाठी त्यांना उठवू नये.

दुसरी गोष्ट हालचालीची. रंकाळ्याची फेरी किंवा शिवाजी विद्यापीठाच्या आवारातला सकाळचा फेरफटका हा आपल्याकडचा आयता उपाय आहे आणि तो खरोखर उपयोगी पडतो. आठवड्यातले बहुतेक दिवस अर्धा तास झपाझप चालण्याने सौम्य नैराश्य आणि काळजी दोन्ही कमी होतात. अडचण अशी की मन खचलेले असताना चप्पल घालणेही डोंगर चढण्यासारखे वाटते. अशा वेळी 'मन झाले की जाईन' असे ठरवल्यास ते मन कधीच होत नाही. मानसोपचारात याच्या उलट क्रम वापरला जातो: आधी कृती करायची, इच्छा मागून येते. म्हणून काम इतके लहान करावे की नकार द्यायला लाज वाटावी. आज फक्त कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचे, उद्या त्याच्या पुढच्या चौकापर्यंत.

डोक्यात सतत काळजी फिरत असेल तर तिला दिवसातली एक वेळ नेमून द्यावी. संध्याकाळी पंधरा मिनिटे वहीत काळज्या लिहाव्यात, ज्यावर काही करता येईल तिच्यासमोर उद्याचे एक काम लिहावे आणि वही मिटावी. दिवसभरात काळजी आली की तिला 'संध्याकाळी बघू' असे सांगावे. हे ऐकायला पोरखेळ वाटते, पण सरावाने जमते. अचानक छाती भरून येऊन श्वास कोंडल्यासारखा झाला, तर चार मोजेपर्यंत श्वास आत घ्यावा आणि सहा मोजेपर्यंत सावकाश बाहेर सोडावा, असे पाच मिनिटे करावे. मात्र छातीत असे पहिल्यांदाच झाले असेल तर ते मनाचेच आहे असे परस्पर ठरवू नये. आधी दवाखान्यात जाऊन हृदयाचा आलेख काढून घ्यावा.

दारूविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. दारूने झोप लवकर लागते पण उत्तररात्री मोडते, आणि दुसऱ्या दिवशीची उदासी अधिक गडद होते. म्हणजे ज्या दुखण्यावर ती औषध म्हणून घेतली जाते तेच दुखणे ती वाढवते. पण रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्यांच्या आग्रहाखातर एका रात्रीत ती बंद करू नये. दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार होऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकतात. अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी.

हे सारे उपाय इशारा पातळीपर्यंतचे आहेत. त्यापुढे गेलेल्या माणसाला 'रंकाळ्याला एक फेरी मार, बरं वाटेल' असा सल्ला देणे म्हणजे पाय मोडलेल्याला चालायचा आग्रह करण्यासारखे आहे.

कोणाला आणि कसे सांगावे

सगळ्यांना सांगण्याची गरज नसते, एका माणसाला सांगितले तरी पुरते. तो माणूस निवडताना नाते किती जवळचे याऐवजी तो ऐकून घेतो का आणि ऐकलेले पोटात ठेवतो का, एवढेच पाहावे. पेठेत एका टोकाला शिंकले की दुसऱ्या टोकाला कळते, त्यामुळे ही भीती खोटी नाही. पण ती एक माणूस नीट निवडण्याचे कारण आहे, कोणालाच न सांगण्याचे नव्हे.

सांगताना प्रस्तावना लांबवू नये. मित्राला 'भावा, महिनाभर झाला, मला झोप नाही आणि कशात लक्ष लागत नाही. तू उपाय सांगू नकोस, फक्त ऐक, आणि सोमवारी माझ्याबरोबर दवाखान्यात ये' असे म्हणता येते. सासूबाईंना किंवा वहिनींना सांगणे अवघड वाटत असेल तर शरीराच्या लक्षणांपासून सुरुवात करावी. 'रात्री झोप येत नाही, सारखं रडू येतं, डॉक्टरांना दाखवावं म्हणते' या वाक्याला बहुतेक घरांत विरोध होत नाही. कामाच्या ठिकाणी आजाराचे नाव सांगण्याची गरज नाही. उपचार चालू आहेत आणि अमुक दिवशी सुट्टी लागेल, एवढे पुरते.

ऐकणाऱ्याने काय करावे, तर बहुतेक वेळ गप्प राहावे. 'तुला काय कमी आहे?', 'पुरात आमचं घर गेलं तरी आम्ही रडलो नाही', 'मन घट्ट कर' ही वाक्ये चांगल्या हेतूने बोलली जातात आणि समोरच्याचे तोंड बंद करतात. त्याऐवजी 'कधीपासून होतंय?' असे विचारावे, आणि शेवटी 'डॉक्टरांकडे कधी जायचं? मी येतो' असे म्हणावे. येतो म्हटल्यावर मात्र जावे.

उपचारासाठी कुठे जावे

पहिली पायरी म्हणून घरच्या डॉक्टरांकडे गेले तरी चालते. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा अनियंत्रित मधुमेह यांतूनही थकवा आणि उदासी येते, त्यामुळे रक्ताच्या तपासण्या होऊन जातात. मात्र मनात काय चालले आहे हे त्यांना आपण होऊन सांगावे. मी फक्त पित्त सांगत राहिलो, म्हणून मला पित्ताच्याच गोळ्या मिळाल्या, यात डॉक्टरांचा दोष नव्हता.

सरकारी सोय हवी असेल तर दसरा चौकाजवळचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सीपीआर, आहे. जुनी माणसे ज्याला थोरला दवाखाना म्हणतात त्याच रुग्णालयाला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे आणि तिथे मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा, मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात पाठवायला सांगावे, आणि रांगेची तयारी ठेवावी. ओळखीचे कोणी दिसेल ही धास्ती वाटली तर एवढे लक्षात घ्यावे की त्या आवारात माणूस दातदुखीपासून हाडे जोडण्यापर्यंत शंभर कारणांनी येतो. दीर्घकाळ भरती राहण्याची वेळ आलीच तर रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण बहुसंख्य रुग्णांना भरती होण्याची गरजच पडत नाही.

घराबाहेर पडणे शक्य नसेल तर फोनचा मार्ग आहे. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ किंवा १-८००-८९१-४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही समुपदेशकाशी बोलता येते. सुरुवातीला शब्द सुचत नसतील तर 'मला बरे वाटत नाही, कुठून सांगू कळत नाही' एवढे म्हटले तरी पुढचे प्रश्न ते विचारतात.

कोणाकडे काय मिळते याचा अनेकांचा गोंधळ होतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक यांच्याउलट तो औषधे लिहून देऊ शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाहीत, तर ठरावीक पद्धतीने बोलून उपचार करतात आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक हा शब्द मात्र कोणीही पाटीवर लिहितो, म्हणून शिक्षण आणि नोंदणी विचारून घेण्यात संकोच करू नये. चांगला माणूस त्याचा राग मानत नाही.

पहिल्या भेटीला वही, चालू गोळ्यांची पाकिटे, जुने रिपोर्ट आणि शक्य असल्यास घरचे एक माणूस बरोबर न्यावे. थोडा वेळ एकट्याने बोलायचे असेल तर तसे सांगावे. डॉक्टर घरच्यांना बाहेर बसवतात. झोप, भूक, काम, व्यसन, घराण्यातले आजार आणि मरणाचे विचार यांविषयी प्रश्न विचारले जातात. शेवटच्या प्रश्नाने दचकू नये; तो सगळ्यांनाच विचारतात.

औषधांविषयी आपल्याकडे दोन समज घट्ट आहेत: ती सुटत नाहीत आणि ती माणसाला गुंगवतात. नैराश्यावरची आज वापरात असलेली बहुतेक औषधे व्यसन लावणारी नाहीत. सवय लागते ती काही झोपेच्या आणि काळजीवरच्या गोळ्यांची, आणि म्हणूनच त्या थोड्या दिवसांसाठी देतात. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून त्या परस्पर आणणे धोक्याचे आहे. नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, तर मळमळ, अस्वस्थता यांसारखे त्रास पहिल्याच आठवड्यात होतात आणि बहुधा निवळतात. म्हणजे तोटा आधी आणि फायदा मागाहून, अशी ही रचना आहे, आणि नेमके त्याच काळात बरेच जण औषध सोडतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णाकडे सुरुवातीच्या काही आठवड्यांत घरच्यांनी अधिक लक्ष ठेवावे आणि बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढल्यास लगेच डॉक्टरांना कळवावे. बरे वाटू लागल्यावरही औषध निदान सहा महिने चालू ठेवायचे असते, आणि थांबवताना ते डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करत आणायचे असते.

देवाधर्माचा आणि उपचारांचा झगडा लावण्याचे कारण नाही. जोतिबाला जाऊन यावे, गुलाल लावावा, अंबाबाईची ओटी भरावी; त्याने आधार मिळत असेल तर तो घ्यावा, पण त्या दिवशीची गोळी चुकवू नये. करणी किंवा बाहेरची बाधा म्हणून कोणी रुग्णाला मारहाण करू लागला, साखळीने बांधू लागला किंवा औषध बंद करायला सांगू लागला, तर तिथून उठावे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे-बांधणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदाही माहीत असावा. रुग्णाच्या आजाराची माहिती गोपनीय राखण्याचा हक्क तो देतो, साखळीने बांधण्याला मनाई करतो, आणि आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच स्थान देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घालतो. बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च मात्र बहुतेक पॉलिसींमध्ये कोणत्याच आजारासाठी मिळत नाही, तेव्हा कागद वाचून पाहावा.

धोका पातळीवर

'आता सगळं संपवावं', 'मी नसलो तर तुम्ही सुटाल' असे कोणी म्हणाले, उगाचच सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखे बोलू लागला, जपलेल्या वस्तू वाटू लागला, तर त्याला थेट विचारावे: 'जीव द्यायचा विचार येतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट पुष्कळांना कोणीतरी विचारले याचाच सुटकारा वाटतो. उत्तर होकारार्थी आले तर वाद घालू नये, शपथा देऊ नयेत, गुप्त ठेवण्याचे वचन देऊ नये. त्याला एकटे सोडू नये. घरात उसाच्या फवारणीची औषधे असतील तर ती त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी किंवा कुलपात ठेवावीत आणि रोजच्या गोळ्यांचा साठाही घरच्यांनी आपल्या ताब्यात घ्यावा. अशी तीव्र लाट पुष्कळदा काही तासांत ओसरते, आणि तेवढा वेळ साधन हाताशी नसणे याने जीव वाचतात. मग १४४१६ ला फोन करावा, किंवा सरळ सीपीआरच्या अपघात विभागात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ आहे. प्रयत्न घडून गेला असेल तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नये. २०१७ च्या कायद्यानुसार अशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्या उपचारांची व पुनर्वसनाची व्यवस्था करण्याची जबाबदारी सरकारवर येते.

सांभाळणाऱ्यानेही पाळी लावून घ्यावी. रात्रंदिवस एकाच माणसाने जागायचे ठरवले तर दहाव्या दिवशी घरात दोन रुग्ण होतात. भावकीत, मंडळात, शेजारात दोन तास बसायला येणारे कोणीतरी निघतेच, फक्त मागावे लागते.

पहिल्या भेटीतून उठण्यापूर्वी पुढची तारीख केसपेपरवर लिहून घ्यावी आणि ती कोणाला तरी सांगून ठेवावी. दुसऱ्या भेटीच्या दिवशी बरे वाटत असले तर 'आता कशाला' असे वाटते आणि बरे वाटत नसले तर 'उपयोग काय' असे वाटते. दोन्ही वेळा जायचे असते. मला त्या दिवशी रिक्षात बसवायला माझा धाकटा भाऊ आला होता, कारण तारीख मी त्याला सांगून ठेवली होती.